कॉफीच्या घरात चहा

आपल्या भागात माणूस मूळचा कुठला हे ओळखायचं असेल तर त्याची भाषा विचारू नये. दारात आलेल्या पाहुण्याला तो काय विचारतो ते ऐकावं. ‘बर्री, कुंदर्री, चहा कुडीरी’ म्हणाला तर तो आपला, मग घरात कन्नड बोलत असो नाहीतर मराठी. ‘बन्नी, कॉफी तगोळ्ळी’ म्हणाला तर समजावं, याचं गाव तुंगभद्रेच्या पलीकडचं. चहा हा शब्दसुद्धा आपला आणि इकडच्या कन्नडचा एकच. बेंगळूरला गेलं की त्याचा ‘टी’ होतो.

माझं माहेर भालकी तालुक्यातलं, घरची बोली मराठी. सासर कलबुर्गीत, पण मूळचं हासन जिल्ह्यातलं. तीस वर्षांहून अधिक काळ मी कॉफीच्या घरात नांदले आणि गेल्या वर्षी चहावर आले. “एवढ्याशा गोष्टीवर लेख कसला लिहितेस?” असं आमच्या यजमानांनी विचारलंच. पण आमच्यासारखी दोन भाषांची घरं बीदर-कलबुर्गीत गल्लोगल्ली आहेत, आणि सकाळी गॅसवर कुठलं भांडं आधी चढतं यावरून घरात काय काय घडतं, ते त्या घरच्या सुनांनाच ठाऊक असतं.

मुळात आपण चहावाले का, याचं उत्तर थोडं इतिहासात आहे. १९५६ पर्यंत बीदर आणि गुलबर्गा हे जिल्हे हैदराबाद राज्यात होते. आपला मोठा बाजार हैदराबादचा, जुन्या माणसांची कचेरीची भाषा उर्दू, तसा हॉटेलातला चहाही हैदराबादी. दुसऱ्या अंगाने सोलापूरवरून मुंबईकडे जाणारी रेल्वे. १९३० च्या दशकात चहाच्या व्यापाऱ्यांनी देशभर चहाच्या प्रचाराचा सपाटा लावला होता, त्यात रेल्वे स्टेशनं आघाडीवर होती. कॉफीची वाट वेगळी. बाबा बुडन यांनी सतराव्या शतकात मोखा बंदरातून सात बिया लपवून आणल्या आणि चिकमगळूरच्या डोंगरात लावल्या, अशी आख्यायिका आहे. तोच डोंगर दत्तपीठ म्हणूनही ओळखला जातो. गंमत बघा, आपल्या गाणगापूरला दत्तदर्शनाला आलेला भक्त पहाटे संगमावर बुडी मारून कुडकुडत वर येतो, तेव्हा मागतो तो चहाच! देशात पिकणाऱ्या कॉफीपैकी सुमारे ७० टक्के कॉफी कर्नाटकात होते खरी, पण ती प्रामुख्याने चिकमगळूर, कोडगू आणि हासनची. १ नोव्हेंबर १९५६ रोजी आपले जिल्हे म्हैसूर राज्यात गेले, आणि मग तिकडून बदलीवर आलेल्या मास्तर, कारकून, ओव्हरसियर मंडळींच्या ट्रंकेतून कॉफी आपल्याकडे आली. माझे सासरे त्यांतलेच. १९६४ साली ते सरकारी नोकरीत गुलबर्ग्याला आले. येताना नवी नवरी आणि दोन मजली पितळी फिल्टर घेऊन आले.

आमच्या माहेरी कॉफी म्हणजे बाळंतपणात किंवा आजारपणात जायफळ घालून द्यायचं पेय. रोजचा तो चहा. माय त्याला ‘च्या’ म्हणायची. गुळाचा असायचा. बाबा कपातला बशीत ओतून फुर्र करून प्यायचे, आणि शेवटचा घोट बशीत ठेवून ती माझ्याकडे सरकवायचे. त्यांच्याबरोबर बीदरला गेलं की चौबाऱ्याजवळच्या एका हॉटेलात थांबायचं हे ठरलेलं. तिथे गल्ल्यामागे दोन मोठी भांडी मंद आचेवर असायची. एकात झाकण घालून दम दिलेला चहाचा काळा अर्क, दुसऱ्यात आटून जाड झालेलं दूध. पोऱ्या दोन्ही पळ्यांनी कपात एकत्र करायचा. ज्यांना दूध जास्त हवं ते ‘पौना’ मागायचे. साखर इतकी, की चमचा उभा राहावा. ही दोन भांडी लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहेत.

सासरी आले आणि पहिल्याच महिन्यात ‘लोटा’ या शब्दावरून घरात हसून पुरेवाट झाली. आपल्या मराठीत लोटा म्हणजे तांब्याचा भाऊ, अम्मांच्या कन्नडमध्ये लोटा म्हणजे कॉफीचा पेला. अम्मा म्हणजे माझ्या सासूबाई. त्यांची कॉफी हा घरातला सोहळाच होता. पूर्वी हासनहून कच्च्या बिया यायच्या, त्या अम्मा लोखंडी कढईत भाजायच्या आणि हाताच्या चक्कीवर दळायच्या. पुढे उद्यान एक्सप्रेसने बेंगळूरहून येणाऱ्या ओळखीच्या माणसाबरोबर पूड मागवली जाऊ लागली. ८० भाग कॉफी, २० भाग चिकोरी. त्याहून चिकोरी जास्त झालेली अम्मांना वासावरून कळते. रात्री झोपताना फिल्टरच्या वरच्या मजल्यात पूड दाबून भरायची, कढत पाणी ओतायचं, पहाटेपर्यंत खाली डिकॉक्शन थेंबथेंब उतरलेलं असायचं.

सकाळी साडेपाचला अम्मा आणि सासरे मागच्या अंगणातल्या शहाबादी फरशीच्या कट्ट्यावर बसून कॉफी प्यायचे. फार बोलायचे नाहीत. २००६ साली सासरे गेले. दहाव्यानंतरच्या सकाळी अम्मांनी सवयीने दोन लोटे भरले, आणि दुसरा हातात धरून तशाच उभ्या राहिल्या. मी जाऊन तो घेतला आणि कट्ट्यावर बसले. तेव्हापासून ती जागा माझी. अठरा-एकोणीस वर्षं आम्ही दोघी तिथे बसलो. मुलांची शिक्षणं, यजमानांची बदली, माझ्या मायचं जाणं, सगळं त्या कट्ट्यावर बोलून झालं. अम्मांचं मराठी आणि माझं कन्नड, दोन्ही तिथेच सुधारलं.

गेल्या वर्षी मला रात्र रात्र झोप लागेना. छातीत धडधड व्हायची. तपासण्यांत काळजीचं काही निघालं नाही. डॉक्टरांनी दिवसभरातले लोटे मोजायला सांगितले. पाच भरले. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांचा आधार देऊन त्यांनी हिशोब मांडला. १५० मिलिलिटर गाळलेल्या कॉफीत ८० ते १२० मिलिग्रॅम कॅफीन असतं, झटपट कॉफीत ५० ते ६५, आणि चहात ३० ते ६५. दिवसाला ३०० च्या वर जाऊ नये. “आमचे लोटे लहान असतात, त्यात चिकोरी असते, चिकोरीत कॅफीन नसतं,” असा युक्तिवाद यजमानांनी करून पाहिला. डॉक्टर हसले, पण म्हणाले, “यांच्या शरीराला जे सोसत नाही ते सोसत नाही. हळूहळू उतरवा, एकदम तोडू नका, डोकं धरेल.” तसं केलं. थोडी थोडी कमी करत तीन आठवड्यांत मी कॉफी बंद केली. तरी शेवटच्या आठवड्यात डोकं दुखलंच. धडधड मात्र थांबली आणि झोप लागू लागली.

माझी झोप परत आली, पण घराची घडी बिघडली. अम्मा पहिले दोन दिवस एकट्या कट्ट्यावर बसल्या. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, “ओब्बरिगे डिकॉक्शन इळियल्ला.” एका माणसापुरतं डिकॉक्शन उतरत नाही. हे खोटं नव्हतं. आमचा फिल्टर सहा माणसांचा, त्यात दोन चमचे पूड टाकली की पाणी सरळ खाली धावतं, रंग येतो पण सत्त्व येत नाही. मग म्हणाल्या, “नानू बिडतीनि.” मीपण सोडते. मला वाटलं रागाने म्हणताहेत. पण दुपारी पाहिलं तर फिल्टर चिंचेने लख्ख घासून, कोरडा करून, फडक्यात गुंडाळून माळ्यावर गेला होता. ज्या बाईने आयुष्यात एकादशीलासुद्धा कॉफी चुकवली नव्हती, तिने वयाच्या त्र्याऐंशीव्या वर्षी ती ठेवून दिली. पुढच्या सकाळी त्या साडेपाचला उठल्याच नाहीत. सात वाजेपर्यंत भिंतीकडे तोंड करून पडून होत्या. असे आठ दिवस गेले. नाश्ताही अर्धाच व्हायचा. यजमान म्हणाले, “वय झालं, पडू दे की तिला.” मला ते पटत नव्हतं. त्या झोपलेल्या नव्हत्या, नुसत्या पडलेल्या होत्या.

तेव्हा मला बीदरच्या हॉटेलातली ती दोन भांडी आठवली. अर्क वेगळा, दूध वेगळं, आणि पेल्यात भेट. अहो, ही तर फिल्टर कॉफीचीच रीत! मी भांड्यांच्या दुकानातून दोन माणसांचा छोटा स्टीलचा फिल्टर आणला. त्यात अम्मांपुरती पूड भरली. दुसऱ्या शेगडीवर जाड बुडाच्या पातेल्यात माझ्यासाठी दोन कप पाणी आणि तीन चमचे चहापूड, वर घट्ट झाकण, अगदी बारीक आचेवर वीस मिनिटं. दूध दोघींचं एकच, आटवलेलं. पहाटे त्यांच्या खोलीत जाऊन म्हटलं, “अम्मा, दोन्ही डिकॉक्शन तयार आहेत. मिसळायला तुम्ही या. माझ्या हातून फेस येत नाही.”

आल्या. आधी स्वतःची कॉफी केली, मग माझा चहा लोट्यातून वाटीत, वाटीतून लोट्यात असा हातभर उंचीवरून ओतला. कट्ट्यावर बसल्यावर माझ्या लोट्यात डोकावून त्यांनी वास घेतला. बोलल्या काहीच नाहीत. पण दुसऱ्या दिवशी साडेपाचला स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज माझ्या आधी त्यांचा होता.

आता चहांविषयी. कॉफी सोडणाऱ्याला वाटतं, चहा म्हणजे एकच चहा. तसं नाही. किराणा बाजारातल्या दुकानदाराने पहिल्याच दिवशी विचारलं, “डस्ट देऊ की दाणा?” आपण ज्याला चहापूड म्हणतो ती बहुतेक सीटीसी पद्धतीची असते. हे यंत्र १९३० च्या दशकात आसाममध्ये आलं. दातेरी रुळांतून पान चिरडून, फाडून, वळवून त्याचे गोळीदार दाणे होतात. पान फाटल्यामुळे रंग आणि कडकपणा झटकन उतरतो, म्हणून दुधाच्या चहाला हेच बरं. डस्ट त्याहून बारीक, हॉटेलवाल्यांची लाडकी, थोडक्यात भरपूर रंग. पण दम द्यायच्या चहाला डस्ट घेऊ नये, वीस मिनिटांत तुरट होतो. मी आसामचा मध्यम दाणा घेते.

यानंतर पाण्याची गोष्ट, जी चहाच्या डब्यावर कुणी छापत नाही. एकाच डब्यातली पूड बीदरला बहिणीकडे चांगली लागायची आणि आमच्याकडे गढूळ दिसायची, वर तवंग धरायची. आपल्या शहाबाद-वाडी-सेडमच्या बाजूला जमिनीखाली सगळा चुनखडीचा दगड. त्यावरच तर सिमेंटचे कारखाने उभे आहेत. बोअरचं पाणी त्यामुळे जड. बीदर जांभ्या दगडाच्या पठारावर, तिथलं पाणी हलकं. जड पाण्यातला चुना चहाच्या अर्काशी मिळून तवंग येतो. तेव्हापासून चहाला फिल्टरचं पाणी वापरते. कडक दुधाच्या चहात फरक थोडा झाकला जातो, बिनदुधाच्या चहात अजिबात नाही.

हे कळलं ते दार्जिलिंगमुळे. धाकट्याने पुण्याहून एक पुडा आणला. दार्जिलिंग चहाला २००४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, देशातली ती पहिली वस्तू. मार्च-एप्रिलची पहिली खुडणी फिकी आणि ताजी, मे-जूनची दुसरी जास्त भरीव, पिकल्या द्राक्षासारख्या वासाची. पाणी उकळून मिनिटभर थांबायचं, मग पानांवर ओतायचं, तीन मिनिटांत गाळायचं. दूध नको, साखरही नको. मला आवडला. पण तो सकाळचा चहा नव्हे. दुपारी तीनला, हातात काम नसताना प्यायचा. अम्मांनी एक घोट घेतला आणि म्हणाल्या, “हूविन बिसिनीरु.” फुलांचं गरम पाणी. किंमत ऐकून उरलेला घोट मात्र त्यांनी टाकला नाही.

ग्रीन टीबद्दल मी फार लिहिणार नाही. आमच्या कॉलनीत तो पिणाऱ्यांची संख्या मोठी आहे आणि मला त्यांच्यात राहायचंय. अम्मांनी वास घेऊन पुडी परत दिली, एवढंच सांगते.

अम्मांना पसंत पडला तो नीलगिरीचा. उटी-कुन्नूरच्या बाजूचा हा चहा सुवासिक आणि हलका. लिंबू पिळलं तरी गढूळ होत नाही. मी त्यांना सांगितलं, तिथले पुष्कळ छोटे मळे बडगा लोकांचे आहेत, आणि बडगा ही कन्नडच्या अगदी जवळची बोली. अम्मांनी कान टवकारले. थोडं लिंबू, अर्धा चमचा साखर घालून लोटाभर प्यायल्या आणि म्हणाल्या, “परवागिल्ला.” ज्यांच्या घरात दक्षिणेकडची माणसं आहेत त्यांना सांगायला नको, याच्या वरचा शेरा त्या भाषेत नसतो. शिवाय कन्नड बोलणाऱ्यांनी पिकवलेलं ते वाईट कसं असेल, हा भाग होताच.

डॉक्टरांची एक अट मात्र चहालाही लागू आहे. जेवणाच्या आधी तासभर आणि नंतर तासभर चहा-कॉफी घ्यायची नाही. त्यातल्या टॅनिनमुळे अन्नातलं लोह अंगी लागत नाही. आपल्याकडे भाकरी संपताच चहा मागायची पद्धत आहे, आणि रक्त कमी असलेल्या बायकांना नेमका तोच चहा नडतो. माझं हिमोग्लोबिन आधीच काठावर होतं. त्यामुळे जेवणानंतरचा चहा आमच्या घरातून गेला. यजमान अजून कुरकुरतात.

संध्याकाळी चारनंतर चहापूडही बंद. तेव्हा अंगणातली गवती चहाची चार पाती, आलं आणि गूळ. या झुडपाचीही गंमत आहे. मराठीत आपण त्याला चहाशी जोडलं, कन्नडमध्ये त्याचं नाव ‘मज्जिगे हुल्लु’, म्हणजे ताकाचं गवत. माझी माय ते चहात टाकायची, अम्मांची आई लोणी कढवताना. कट्ट्याशेजारी गेली वीस वर्षं हे एकच झुडूप आहे आणि आम्ही दोघी त्याला आपापल्या नावाने पाणी घालतो. ज्या दिवशी अम्मांना सर्दी असते त्या दिवशी धणे-जिऱ्याचा कषाय होतो. त्याच्या कृतीत मी ढवळाढवळ करत नाही.

गुळाच्या चहात दूध फुटतं, अशी तक्रार बऱ्याच जणी करतात. मायची रीत सांगते. दुधात गूळ कधीच उकळायचा नाही. पाणी, आलं, चहापूड आणि गूळ उकळून घ्यायचं, गॅस बंद करायचा, गाळायचं, आणि वेगळं तापवलेलं दूध कपात वरून घालायचं. गूळ शक्यतो गडद, रसायन न घातलेला घ्यावा. ऊस आपल्या भालकी-हुमनाबादकडे भरपूर, गाळपाच्या दिवसांत ओळखीच्या गुऱ्हाळातून दोन ढेपा आणून ठेवल्या की वर्ष निघतं.

आता आमच्या फडताळात चार डबे आहेत. कॉफीची पूड, आसामचा दाणा, नीलगिरी, आणि पाहुण्यांसमोर मिरवायला उरलेलं थोडं दार्जिलिंग. अम्मांनी चिठ्ठ्या कन्नडमध्ये लिहून चिकटवल्या, मी खाली मराठीत. मोठा पितळी फिल्टर माळ्यावरून उतरला तो युगादीला. आपला पाडवा आणि त्यांची युगादी एकाच दिवशी. सगळी मुलं आली होती, सहा माणसांचं डिकॉक्शन व्यवस्थित उतरलं, आणि त्या दिवशी मीही अर्धा लोटा कॉफी घेतली. डॉक्टरांनी सणाला तेवढी मुभा दिली आहे. दुसऱ्या दिवशी फिल्टर पुन्हा घासून पुसून ठेवला, पण माळ्यावर नाही. फडताळात, डब्यांच्या शेजारी.

परवा सकाळी मी दूध आटवत होते. अम्मांनी नीलगिरीचा डबा उचलून कानाशी हलवून पाहिला आणि माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, “इदु मुगीता बंतु. तरिसु.”